बेवारस, अनुक्रमांक एकशे चौदा

पहाटे पाच वाजता केसाय गावाचा भोंगा सुरू होतो. आधी कवायतीचे संगीत, मग हवामान, मग ग्रामसमितीच्या सूचना. २०१६च्या मे महिन्यातल्या एका सकाळी सूचनांमध्ये एक यादी वाचली गेली. औद्योगिक वसाहतीचा रस्ता जुन्या दफनभूमीतून जाणार होता आणि तिथल्या ज्या थडग्यांवर कुणी हक्क सांगितलेला नव्हता त्यांची ती यादी होती. "अनुक्रमांक एकशे चौदा," वाचणारी मुलगी म्हणाली, "पूर्वेच्या बांधालगत, मातीचा ढिगारा, पाटी नाही, बेवारस."

न्यम अंगणात तांदूळ धूत होती. पूर्वेच्या बांधालगतच्या त्या ढिगाऱ्यावरचे गवत तिने आदल्याच दिवशी उपटले होते. ढिगाऱ्याखाली तिचा नवरा ख्वात होता.

पाटी नव्हती, कारण एवढ्यात पाटी लावायची नसते. लाल नदीच्या या भागात माणसाला दोनदा पुरतात. पहिल्यांदा लाकडी पेटीत, नुसत्या मातीखाली. तीन वर्षांनी, थंडीत, सूर्य उगवायच्या आत माती उकरतात, हाडे काढून सुगंधी पाण्याने धुतात, मातीच्या पेटीत डोके ते पाय अशी मांडतात आणि ती पेटी कायमच्या जागी ठेवतात. दगड, नाव, फोटो हे सगळे त्यानंतर. ख्वात २०१४च्या डिसेंबरात गेला होता. त्याला जमिनीखाली सतरा महिने झाले होते. केसायमध्ये जन्मलेल्या कुणालाही हे सांगावे लागत नाही. यादी करणारेही केसायमध्येच जन्मलेले होते.

"बेवारस," न्यम भोंग्याकडे बघत म्हणाली, आणि तांदळाचे पाणी फणसाच्या मुळाशी ओतले.

त्या भोंग्यातून अकरा वर्षे तिचा स्वतःचा आवाज गेला होता. सहकारी शेतीच्या काळात लावणी कधी, डुकरे कुणी द्यायची, कोणत्या तुकडीने किती भात कापले, हे सगळे गाव न्यमच्या तोंडून ऐकत असे. त्याआधी, १९७०मध्ये, अठराव्या वर्षी ती स्वयंसेवक मुलींच्या तुकडीतून डोंगरातल्या रस्त्यावर गेली होती. युद्ध चालू होते; विमानांनी बाँब टाकून रस्ता फोडायचा आणि मुलींनी दगडांनी तो बुजवायचा. चार वर्षांनी परत आली तेव्हा हिवतापाने डोक्यावरचे अर्धे केस गेले होते. तिच्याशी लग्न करायला फक्त ख्वात तयार झाला. तो उत्तरेच्या सैन्यातून परतला होता, त्याच्या मांडीत लोखंडाचा एक तुकडा होता आणि त्याच्याशीही कुणी तयार नव्हते. दोन मुले पोटातच गेली. तिसरी थ्वा, ती जगली.

न्यमच्या घराच्या भिंतीवर पाच मानपत्रे टांगलेली आहेत, तीन तिची आणि दोन त्याची. त्याच भिंतीखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. २००८मध्ये वसाहतीसाठी गावाची भातशेती गेली. ख्वातने पहिला अर्ज लिहिला तो त्या वर्षी. कारखाने येणार होते. कुंपण आले, फाटक आले, फाटकावर पाटी आली, आणि आत आजही माणसाच्या उंचीचे गवत आहे. ख्वात आणि न्यम सहा वर्षे अर्ज देत राहिले. तालुक्याला, प्रांताला, शेवटी राजधानीत, जिथे देशभरातून आलेली जमीन गेलेली माणसे फुटपाथवर प्लास्टिक अंथरून बसतात. उत्तरे नेहमी आली. प्रत्येक उत्तरात तेच वाक्य होते: आपला अर्ज संबंधित कार्यालयाकडे पाठवण्यात आला आहे. संबंधित कार्यालय म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज होता ते. ही सगळी पत्रे डब्यात आहेत, तारखेप्रमाणे लावलेली.

थ्वा तेव्हा जर्मनीत होती. लाइपझिग शहरात तिचे फुलांचे दुकान आहे. बापाचे अर्ज तिने इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली, मग शेजारच्या गावांचे, मग तुरुंगात गेलेल्या लोकांची नावे. बर्लिनमध्ये दूतावासासमोर फलक घेऊन उभी राहिली. त्याचे फळ तिला दोन्हीकडून मिळाले. लाइपझिगमधले जे लोक तिच्या गावाकडचे, त्यांनी दुकानात येणे बंद केले, कारण त्यांना पारपत्राच्या कामाला दूतावासात जावे लागते. आणि दूतावासासमोर जे तिच्यासोबत उभे होते, १९७५नंतर होड्यांतून पळालेले दक्षिणेकडचे म्हातारे, त्यातल्या एकाने विचारले, "वडील काय करायचे?" तिने खरे सांगितले: उत्तरेच्या सैन्यात होते. तो म्हातारा फलक घेऊन रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.

"मग तू काय केलंस?" न्यमने फोनवर विचारले होते.

"काय करणार, आई. त्याचा फलक वाऱ्यानं उलटा झाला होता, तो सरळ करून दिला."

बाप गेल्याचे कळले तेव्हा थ्वा पहिल्या विमानाने निघाली. राजधानीच्या विमानतळावर तिला एका खोलीत बसवले आणि आलेल्याच विमानाने परत पाठवले. कागदावर कारण होते: सुरक्षा. न्यमने प्रेत एक दिवस जास्त ठेवले होते. त्यानंतर तिने एकच गोष्ट मनाशी धरली. तीन वर्षांनी माती उकरतील तेव्हा पेटीतून कवटी पहिल्यांदा उचलायची ती थोरल्या अपत्याने. ती थ्वाने उचलावी, तोवर माती कुणी हलवू नये.

भोंग्याच्या यादीनंतर तिसऱ्या दिवशी विन्ह आला. तो ग्रामसमितीचा उपाध्यक्ष. ख्वातचा चुलत पुतण्या, त्यामुळे न्यमला काकू म्हणणारा. त्याने चहाचा पुडा आणला होता.

"काकू, रागावलात?"

"रागवायला मी कोण? माझा नवरा बेवारस आहे म्हणे. म्हणजे मी त्याची कुणी नाही. मग तू मला काकू कशाला म्हणतोस?"

"अहो, ते कारकुनी काम आहे. ज्यांनी संमतीच्या अर्जावर सही केली नाही त्यांच्यापुढे तसं लिहायचं असतं."

"लिहायचं असतं. तुझ्या आजोबांचं थडगंही तिथेच होतं ना?"

"आम्ही हलवलं. सगळ्यात आधी. आदर्श घालून द्यावा लागतो."

"तुझे आजोबा पंचवीस वर्षांपूर्वीच पेटीत गेले. पेटी उचलली आणि नेली. तुझा काका अजून मांसाचा आहे, विन्ह. त्याला काय बादलीतून नेणार?"

विन्हने चहाची वाटी खाली ठेवली. बादली म्हणजे काय ते त्याला कळले. तो मोठा झाला होता याच गावात.

मग त्याने आवाज खाली आणला. थ्वाचे काम होऊ शकते, म्हणाला. प्रांतात त्याची ओळख आहे. काकूंनी सहकार्य केले असे वर दिसले की ताईंच्या येण्याला कुणी आडकाठी करणार नाही. थडगे तीन वर्षे होईपर्यंत हलणार नाही, रस्ता तेवढा वळसा घेईल, पण कागदावर सही हवी. एकशे चौदा क्रमांक रिकामा राहिला की वरून विचारणा होते.

दफनभूमीत हाडे काढायचे काम क्वेदादा करतो. वय अठ्ठ्याहत्तर. न्यम त्याला विचारायला गेली.

"दोन वर्षांत काढता येईल?"

"एकदा काढलं होतं," क्वेदादा म्हणाला. "नदीचा बांध फुटायला आला होता म्हणून. महिनाभर मला जेवण गेलं नाही. त्या घरातली सून आजही मला बघून रस्ता बदलते. तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं, न्यम. तो नियम आपण केला नाही, मातीनं केलाय."

रात्री थ्वाने फोनवर एकच वाक्य तीनदा म्हटले. "आई, सही करू नकोस."

"तू बापाला शेवटचं बघितलं नाहीस."

"म्हणूनच सांगतेय. त्यांना ते माहीत आहे."

"विन्ह आपल्या घरचा आहे."

"आई, तू सहा वर्षं या लोकांची पत्रं जपून ठेवलीस. घरचा काय, बाहेरचा काय."

न्यमने पाच दिवस विचार केला. मग तिने जे केले ते अर्ज लिहिण्यात वय घालवलेली बाई करील तसेच केले, असे तिला वाटले. विन्हला तिने आधी लिहून द्यायला लावले. वहीच्या रेघांच्या कागदावर त्याने लिहिले: ख्वातकाकांचे थडगे कोंबड्याच्या वर्षाच्या अकराव्या महिन्याआधी, म्हणजे तीन वर्षे भरण्याआधी, हलवले जाणार नाही, थ्वाताई येण्याबाबत मी सर्व प्रयत्न करीन. खाली सही, तारीख. तो कागद घेऊन न्यमने संमतीच्या अर्जावर सही केली.

लाल शिक्का तेवढा राहून गेला. राजधानीच्या फुटपाथवर नव्या माणसाला पहिली गोष्ट हीच शिकवतात, की लाल शिक्का नसलेला कागद म्हणजे भांड्याखाली ठेवायचा कागद. न्यमने स्वतः पन्नास जणींना ते शिकवले असेल. पण विन्ह तिच्या घोंगडीवर बसला होता, तिने केलेला चहा पीत होता आणि लहानपणी ख्वातच्या खांद्यावर बसून सणाच्या मिरवणुकीला गेला होता. पुतण्याकडे शिक्का कोण मागणार.

सप्टेंबरात मशीन आले. पिवळे, दातेरी बादलीचे. भाजी घेऊन येणाऱ्या बायकांनी न्यमला सांगितले तेव्हा मशीन पश्चिमेकडची थडगी संपवून पूर्वेच्या बांधाकडे वळले होते. न्यम सायकलवर गेली. विन्ह छत्री घेऊन उभा होता, सोबत कंत्राटदार.

तिने वहीचा कागद पुढे केला. विन्हने तो वाचला, जणू पहिल्यांदा वाचत होता.

"काकू, हा घरगुती कागद आहे. याला शिक्का कुठाय?"

"सही तुझी आहे."

"सही पुतण्याची आहे. उपाध्यक्षाची असती तर शिक्का असता. तुम्हाला हे मी सांगायचं?"

कंत्राटदाराने यादी दाखवली. एकशे चौदासमोर आता बेवारस नव्हते. तिथे लिहिले होते: नातेवाइकांची संमती. खाली न्यमची सही होती, आणि त्या सहीवर लाल शिक्का होता.

न्यम ओरडली नाही. तिने पायातल्या चपला काढल्या, ढिगाऱ्याशेजारी नीट ठेवल्या आणि ढिगाऱ्याला पाठ लावून बसली. भाजीवाल्या बायका आल्या, त्याही बसल्या. एकीने पानाचा डबा उघडला. क्वेदादा काठी टेकत आला आणि सरळ मशीनपाशी गेला. आत बसलेला चालक पलीकडच्या प्रांतातला होता, चाळिशीचा, गळ्यात टॉवेल.

"बाळा, हे थडगं किती दिवसांचं आहे ते सांगितलंय का तुला?" क्वेदादाने विचारले.

"जुनं आहे म्हणाले. बेवारस."

"एकवीस महिन्यांचं आहे. आणि ही बसलीय ती बायको."

चालकाने इंजिन बंद केले. खाली उतरून ढिगाऱ्याकडे पाहिले, न्यमकडे पाहिले, कंत्राटदाराकडे पाहिले.

"हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तुझं काम उकरायचं," कंत्राटदार म्हणाला. "कागद पूर्ण आहेत."

"साहेब, मशीन तुमचं आहे. हात माझे आहेत. माझा बाप अजून एक वर्ष जमिनीत आहे." त्याने न्यमकडे एक उदबत्ती मागितली, ढिगाऱ्यावर खोचली, तीनदा वाकला आणि सावलीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी दुसरा चालक आणला. पहिल्याने त्याला फोन केलेला होता. तो फाटकातूनच परतला. तिसरा आला, तोही जेवणाचा डबा न उघडताच निघून गेला. कायदा, अर्ज, सही, नाते, यांतले काहीच एकशे चौदाला वाचवू शकले नव्हते. परप्रांतातल्या तीन मजुरांनी वाचवले, ज्यांची नावेही न्यमला कधी कळली नाहीत.

सोळा महिने तो ढिगारा तसाच राहिला. चारी बाजूंची जमीन उकरून खाली नेलेली, मध्ये हा एक तुकडा, आणि पावसात भोवती पाणी. दर अमावास्या-पौर्णिमेला न्यम फळीवरून चालत जाई. भोंगा रोज सकाळी म्हणे की परदेशातल्या विघातक शक्तींच्या चिथावणीने एक कुटुंब गावाच्या विकासात अडथळा आणत आहे. न्यमच्या घराबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर साध्या कपड्यांतले दोघे पोलीस बसू लागले. राष्ट्रीय सणाच्या दिवशी तर चौघे होते. न्यमने त्यांना चहा नेऊन दिला.

"कुणाचा रे तू?" तिने एकाला विचारले.

त्याने आजीचे नाव सांगितले.

"तिला मी ओळखते. ती माझ्या तुकडीत दगड फोडायची. तिला सांग, न्यमच्या दारात बसायचं काम करतो म्हणून. बघ खूश होते का."

तो पोरगा दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्या जागी दुसरा आला.

२०१८च्या जानेवारीपर्यंत तीन वर्षे भरून गेली होती. थ्वाने तिकीट काढले. विन्ह आपणहून येऊन सांगून गेला की काकू, मी वर बोललोय. या वेळी न्यमने त्याला बसायला सांगितले नाही. माती उकरायच्या आदल्या संध्याकाळी थ्वा विमानतळावर उतरली आणि मग फोन लागला नाही. पहाटे चारला क्वेदादाने ताडपत्री बांधली. हाडांवर ऊन पडता कामा नये. पाच वाजता भोंग्यावर कवायतीचे संगीत लागले. साडेपाचला फोन आला.

"आई, मी परत विमानात आहे. रात्रभर बसवलं. फोन आत्ता दिला."

"का म्हणे?"

"प्रवेशास अपात्र. एवढंच लिहिलंय. बाबांच्या पेटीसाठी लाल कापड आणलं होतं, आई. ते बॅगेतच राहिलं."

न्यमने फोन ठेवला. क्वेदादा खड्ड्यात उभा राहून तिच्याकडे बघत होता. बायको कवटी उचलत नाही, तशी रीत नाही.

"उजाडायला वेळ नाही," तो म्हणाला. "चुलत पुतण्यांपैकी कुणाला बोलावू? विन्हला?"

"त्याला नको," न्यम म्हणाली आणि खड्ड्यात उतरली.

तिने उचलली. सुगंधी पाण्यात धुतली, बाजारातून आणलेल्या लाल कापडावर ठेवली. बाकीचे क्वेदादाने केले; एकेक हाड हाताने चाचपून, ओठांतल्या ओठांत मोजत. मांडीपाशी त्याला लोखंडाचा तुकडा सापडला, पत्त्याच्या अर्ध्या पानाएवढा, गंजलेला.

"हे आत ठेवायचं?"

"ठेवा. मानपत्रासारखं कुणी दिलेलं नाही ते, त्याचं त्यानं मिळवलंय."

नव्या दफनभूमीत पेटी ठेवली की ग्रामसमितीच्या कचेरीत नोंद करावी लागते. न्यम त्याच दिवशी नऊ वाजता गेली, नखांत माती होती तशीच. नोंदवहीत रकाने होते: मृताचे नाव, ओळ, क्रमांक, जबाबदार वारस, राहण्याचा पत्ता. क्रमांक जुन्या यादीचेच चालू ठेवले होते. एकशे चौदासमोर तिने वारसाच्या रकान्यात थ्वाचे नाव लिहिले. पत्त्यात लाइपझिग, रस्त्याचे नाव, घराचा आकडा.

कारकून मुलीने विन्हला बोलावले.

"काकू, इथं गावातल्या माणसाचं नाव लागतं."

"कुठं लिहिलंय?"

विन्हने अर्ज उलटसुलट करून पाहिला. कुठेही लिहिलेले नव्हते.

"तुमचं नाव लिहा की. तुम्ही जिवंत आहात."

"माझं वय सहासष्ट. मी गेले की तू पुढच्या यादीत याला परत बेवारस लिहिशील. माझी मुलगी जिवंत आहे, तिला पत्ता आहे. तिला तुम्ही आत घेत नाही, तो तुमचा धंदा. ती त्याची मुलगी नाही असं लिहून दे. शिक्का मारून दे. मग मी माझं नाव लिहिते."

विन्ह आपल्या टेबलाकडे वळला. न्यम बाकावर बसली. दुपारी कचेरी जेवायला बंद झाली तेव्हा ती पायरीवर बसली, उघडली तेव्हा परत बाकावर. तीन वाजता विन्हने खणातून शिक्का काढला. पावतीवर सही केली, शिक्का मारला. न्यमने पावती उजेडात धरली.

"फिका आहे. आणि सहीवर आलेला नाही. सहीचा तिसरा भाग झाकला पाहिजे. नियम आहे."

विन्हने पुन्हा मारला. या वेळी जोरात.

पावतीचा फोटो तिने लाइपझिगला पाठवला. थ्वाची एकच ओळ आली: आई, शिक्का खरा आहे ना?

चांद्र नववर्षाच्या सणाच्या आधी आठ दिवस भोंग्याने दुसरी यादी वाचली. यशस्वीपणे स्थलांतरित झालेली थडगी, वारसांच्या नावांसह, ग्रामसमितीच्या वतीने आभार. न्यम अंगणात तांदूळ धूत होती. तिने हात थांबवले आणि ऐकू लागली. एकशे अकरा. एकशे बारा. एकशे तेरा, वारसाचे नाव, वस्ती. मग कागद उलटल्याचा आवाज, आणि एकशे पंधरा.

न्यमने तांदळाचे भांडे झाकले. बिस्किटांच्या डब्यातून पावती काढली, हात पुसून ती पिशवीत ठेवली आणि सायकल बाहेर काढली. कचेरी साडेसातला उघडते. दारातल्या खुर्चीवरचा माणूस उठून उभा राहिला.

"एवढ्या सकाळी कुठं, आजी?"

"एकशे चौदा राहिलंय," ती म्हणाली. "वाचून घ्यायला."